आदल्या दिवशीच्या रेषा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही — आईजवळ नाही, नवऱ्याजवळ नाही. तुम्हाला सांगते.

मी हुपरीची. घरात सगळे चांदीचे पैंजण घडवणारे, आणि मी कोल्हापुरात लेझरवर संशोधन करणारी. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही प्रकाशाची फणी तयार केली. एकाच लेझरमधून असंख्य रंगरेषा काढायच्या, फणीच्या दातांसारख्या, अगदी सारख्या अंतरावर. मग त्या दातांशी ताडून दुसऱ्या लेझरची वारंवारिता बिनचूक मोजता येते. कोल्हापुरात हे होईल म्हटलं की लोक हसायचे. का हसावं? आम्ही करून दाखवलं.

आम्ही म्हणजे मी आणि वैशाली. प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूंचे सांधे तिचे, बाकीची जुळणी माझी.

बाहेरचे तज्ज्ञ बघायला आले त्या सकाळी — फणी स्थिरच होईना. दात सरकत होते. आदल्या दिवशी तर इतकी छान राहिली होती. मग मी काय केलं? आदल्या दिवशीच्या रेषा पडद्यावर लावल्या आणि म्हटलं, या आत्ताच्या.

पाहुणे खूश, आमचे प्रयोगशाळाप्रमुख सरही खूश. वैशालीनं पडद्याकडं बघितलं, मोजणीच्या यंत्राकडं बघितलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, हे आजचं न्हाय. फणी अजून हलतीया की."

सर माझ्याकडं वळले. तेव्हा खरं बोलता आलं नसतं का? आलं असतं.

"आजचंच हाय, सर," मी म्हणाले. "हिला ते यंत्र वाचाय येत न्हाय."

सरांनी माझं ऐकलं. पाहुण्यांसमोर शोभा केली म्हणून वैशालीला फणीच्या कामातून काढलं. पुढं ती प्रयोगशाळाच सोडून पेठ वडगावला कॉलेजात शिकवायला गेली. तिच्यामागं मी फणी खरोखर स्थिर केली — आजही ती तशीच उभी आहे, लांबून लांबून लोक मोजमापाला येतात. त्याचा अभिमान मी लपवणार नाही.

मध्यंतरी वैशाली आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन फणी बघायला आली. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ही कुणी बनवली?"

वैशाली माझ्या शेजारीच उभी होती.

"मी," मी म्हणाले.

ती मुलांना पुढं घेऊन गेली. त्या क्षणी मला लाज वाटली असं लिहिणं सोपं होतं — पण मला अभिमानच वाटला.