बारा फाटकी कांबळी

फौजेत फाटक्या आणि मोडक्या वस्तूंना काय मान असतो, हे स्टोअर सांभाळल्याशिवाय कळत नाही. नवं फावडं हवं असेल तर मोडक्याचं पातं आणि दांडा दोन्ही पुढ्यात ठेवायचं. कंदिलाची काच फुटली तर फुटक्या काचा गोळा करून पुडीत बांधायच्या. जुनं दाखवल्याशिवाय नवं मिळत नाही, आणि जुनं दाखवता आलं नाही तर ते तुम्हीच खाल्लं असं धरलं जातं. त्यामुळे आमच्या स्टोअरचा एक कोपरा बघणाऱ्याला उकिरडा वाटायचा. माझा मात्र सगळा जीव त्याच कोपऱ्यात होता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला मी दौंडला होतो. रेल्वेनं येणारं फौजेचं सामान जंक्शनवर उतरवून घ्यायचं, मोजायचं आणि पुढच्या गाडीत चढवून द्यायचं, एवढ्या कामासाठी आमची दहाएक जणांची तुकडी स्टेशनापलीकडच्या दोन बराकींत राहायची. स्टोअर माझ्याकडे होतं. स्वभाव तेव्हाही चिडकाच. जेवणाच्या ताटांत एखादं ताट कमी भरलं तर मी बराक डोक्यावर घ्यायचो. पोरं पाठीमागं मला सावकार म्हणायची, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

घर शिक्रापूरला, बायकोचं माहेर शिरूरला आणि नोकरी दौंडला, असं भाग्य शिपायाला सहसा लाभत नाही. त्यात बायको पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, बाळंतपणाला माहेरी गेलेली. आमच्या तुकडीतल्या सगळ्या बापांनी आपली पोरं पहिल्यांदा पाहिली ती रांगताना नाहीतर चालताना. एकाच्या पोरानं तर बापाला पाहून घरात पळत जाऊन दार लावलं होतं. मला ते नको होतं. माझं मूल जन्मेल तेव्हा मला तिथं असायचं होतं, बाकी काही मागणं नव्हतं.

दिवाळीनंतर नगरहून बोर्ड येणार होतं. बोर्ड म्हणजे एक मेजर साहेब आणि त्यांच्याबरोबर एक कारकून. कंडम माल बघायचा, मोजायचा, पुन्हा कुणी दाखवू नये म्हणून डोळ्यांदेखत फाडायचा, आणि नव्याला मंजुरी द्यायची. आमची बारा कांबळी कंडम होती. हिशेबात एक जरी कमी निघालं तरी माझं स्टोअर जाणार आणि माझी रवानगी परत पलटणीत, पार पूर्वेच्या सरहद्दीवर होणार, हे वरून स्पष्ट कळवलं होतं. मी निर्धास्त होतो. बारा म्हणजे बारा, सुतळीनं बांधून कोपऱ्यात ठेवली होती.

तेवढ्यात शिक्रापूरला भावानं भाड्याच्या खोल्यांचा स्लॅब टाकायला काढला, म्हणून मी आठ दिवस रजेवर गेलो. परत आलो तर पोरं दारातच ओळीनं उभी, सगळ्यांचे चेहरे फुललेले. मी नाही असं बघून त्यांनी दिवाळीचं म्हणून स्टोअर झाडून, सारवून, चुना मारून ठेवलं होतं. दारावर झेंडूचं तोरणही होतं. मला खरंच भरून आलं. मग माझी नजर कोपऱ्याकडे गेली. तिथं फक्त चुना होता.

आमचा स्वयंपाकी, म्हणजे फौजेच्या भाषेत लांगरी, पुढं आला. बिहारकडचा, अंगानं पहाड आणि मनानं लेकरू. त्याच्या हातात भलंमोठं स्टीलचं पातेलं होतं, तोंड दिसेल असं चकचकीत.

"उस्ताद, देखो क्या चीज लाया! फटे कंबल दे दिए, ये पतीला ले लिया. बरतनवाली रो रही थी, इतना सस्ते में लिया!"

दारावर बोहारीण आली होती. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई त्याच्या गावाकडे नसावी, त्यामुळे त्याला हा चमत्कारच वाटला होता. माझ्या तोंडून त्या वेळी जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पोरांचे चेहरे एकेक करून उतरले. लांगरी पातेलं पोटाशी धरून उभाच राहिला आणि शेवटी म्हणाला, "उस्ताद, मैं तो आपको खुश कर रहा था." आता माझ्याकडे बारा कांबळी कमी होती आणि लेजरमध्ये कुठंच नसलेलं एक पातेलं जास्त होतं. फौजेत कमी भरणं जेवढं वाईट, तेवढंच जास्त भरणंही वाईट.

बोहारीण शिरूरची, एवढं लांगऱ्याला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पातेलं काखेत मारून मी पहिली एसटी पकडली. पातेलं परत देऊ, कांबळी परत घेऊ, इतका साधा बेत होता. पण बाजाराच्या तोंडाशीच सासूबाई भेटल्या.

"अगंबाई, जावई! आन् हे काय, पातेलं?" त्यांनी ते माझ्या काखेतून अलगद काढूनसुद्धा घेतलं. "बाळंतिणीच्या पाण्याला आनलं व्हय? मी कालच पोरीला म्हनत हुते, मोठं पातेलं न्हाई घरात. ह्याला म्हंत्यात काळजी!"

आजूबाजूच्या चार बायका कौतुकानं बघायला लागल्या. आता तिथं उभं राहून सासूच्या हातातून पातेलं हिसकावून घेणारा जावई मी तरी अजून पाहिलेला नाही. मी कसनुसा हसलो. सासूबाई पातेलं मिरवत घरी गेल्या आणि मी रिकाम्या हातानं जुन्या कपड्यांच्या रांगेत शिरलो.

बोहारीण चटकन सापडली. "फौजेची कांबळी?" ती म्हणाली. "ती कवाच गेली. मांडवगणच्या आत्याबाईनं समदा गठ्ठा उचलला. तिच्या लेकीचं बाळंतपण हाय." बारा कांबळी एकाच घरात गेली होती, एवढाच काय तो दिलासा.

मांडवगण फराट्याला उतरलो तेव्हा उन्हं चढली होती. आत्याबाईंची वस्ती उसाच्या रानात होती. पूर्वी त्यांच्या घरात मेंढरं असायची, आता बोअर, ऊस आणि दोन गाई. ओट्यावर पाय पसरून त्या शिवत बसल्या होत्या. पाठीमागं दोन जाडजूड वाकळा घडी घालून ठेवलेल्या, तिसरी मांडीवर होती. आमची कांबळी त्या वाकळांच्या पोटात गेली होती, आणि वरून निळ्या, लाल, पिवळ्या लुगड्यांचे तुकडे बसले होते. मी ओट्याच्या कडेला टेकलो.

"लोकर लई गुणाची हुती बघा," आत्याबाई म्हणाल्या. "मधी पार झिजली हुती, तेवढी फाडून काढली. बाकीचे तुकडं करून थर लावलं. आन् ही काळी फुलं हुती न्हवं, ती न्हाई फाडली. चारी कोपऱ्याला एकेक लावलं. साजरी दिसत्यात का न्हाई?"

ती काळी फुलं म्हणजे फौजेचा शिक्का! गोल, मधे बाण, प्रत्येक कांबळ्याच्या एका कोपऱ्याला मारलेला. तीन वाकळा, प्रत्येकीला चार कोपरे. मी हात लावून एकेक शिक्का मोजला. बारा भरले. मला इतकं हसू आलं की आत्याबाईंनी सुई टोचून ठेवली आणि लेकीला हाक मारून पाणी आणायला सांगितलं.

मी सगळं सांगितलं. बोर्ड, शिरूरला दिवस भरलेली बायको, सरहद्दीवरची बदली. वाकळा दोन दिवस द्या म्हणालो.

"आन् माघारी आनून देशीला?"

बोर्डासमोर कंडम माल फाडतात, हे मला चांगलं माहीत होतं. समोर त्यांची लेक पाण्याचा तांब्या घेऊन, एक हात कमरेवर ठेवून जपून उभी होती, माझ्या बायकोसारखीच. मला खोटं बोलता येईना. "आत्या, ते फाडायला सांगतील," मी म्हणालो.

आत्याबाईंनी मांडीवरची वाकळ उचलून राहिलेली कड भराभर शिवायला घेतली. "मी बी येते," त्या म्हणाल्या. "बघू कोन फाडतंय ती."

बोर्डाच्या दिवशी त्या खरोखरच आल्या, डोक्यावर गाठोडं, पायात नव्या वहाणा. लांगरी घाबरून त्यांच्या पायाच पडला आणि त्यानं चहाबरोबर पुरी-भाजी वाढली. मेजर साहेबांची जीप आली तेव्हा स्टोअरच्या दारात सतरंजीवर तीन वाकळा, आणि वाकळांवर आत्याबाई बसलेल्या होत्या.

मेजर साहेब दक्षिणेकडचे, उंच, कमी बोलणारे. त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी फावडी बघितली, काचांच्या पुड्या बघितल्या, मोडके कंदील बघितले. मग विचारलं, "कंबल?"

"माताजी के नीचे हैं, साहब," मी म्हणालो.

सगळी हकिगत मी एका दमात सांगितली, पातेल्यासकट. लपवण्यात अर्थच नव्हता. साहेबांनी वाकून कोपरे बघितले. एक, दोन, तीन असं करत त्यांनी स्वतः बारा शिक्के मोजले. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांनी कारकुनाकडे हात केला आणि कारकुनानं मोठी कात्री काढली.

"हात तर लावून बघ!" आत्याबाई कडाडल्या. "म्हंजी काय, पोटुशा लेकीच्या अंगावरचं काढून न्येतासा? तुमाला आयाबहिनी हायत का न्हाईत?"

"क्या बोल रही हैं?" साहेबांनी विचारलं.

"आपका स्वागत कर रही हैं, साहब," मी म्हणालो.

साहेबांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण कात्री तशीच होती. आणि मला एकदम राग आला. कुणाचा कोण जाणे, पण आला. एवढी वर्षं या नियमांवर मी पोरांशी भांडलो, ताटा-वाट्यांसाठी घसा फोडला, आणि आज तेच नियम या बाईचे कष्ट कातरणार होते. मी सावधान उभा राहिलो आणि जरा जास्तच मोठ्यानं बोललो. "साहब, नियम आहे, कंबल फाडलं पाहिजे. ते फाडलेलं आहे. आत एकही अख्खं नाही. बोर्डानं फक्त खात्री करायची." अर्धं हिंदी, अर्धं मराठी, जसं आलं तसं.

साहेबांनी वाकळेकडे बोट केलं. आत्याबाईंना मी हळूच म्हणालो, "आत्या, एक कड उसवा." त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, पण मग दातानं दोरा तोडला आणि टाका उसवला. आत काही तळहाताएवढे, काही हातभर लांब, असे वेडेवाकडे तुकडे एकावर एक लावलेले. साहेबांनी दोन बोटं घालून आत चाचपलं. दुसऱ्या वाकळेचं तसंच, तिसरीचंही. मग ते उभे राहिले आणि कारकुनाला इंग्रजीत मजकूर सांगितला. कांबळी बारा, शिक्के तपासले, मालाचे तुकडे झाल्याची खात्री केली, उरल्या त्या चिंध्या. जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाले, "चिथड़े इधर क्यों पड़े हैं? उठवाओ."

"यस साहब!" मी इतक्या जोरात ओरडलो की आत्याबाई दचकल्या.

जीप गेली आणि बराकीत नुसता धुमाकूळ झाला. लांगऱ्यानं मला उचलून गोल फिरवलं. आत्याबाई मात्र शांतपणे सुई ओवून उसवलेल्या कडा शिवत बसल्या. काम झाल्यावर त्यांनी तिसरी वाकळ माझ्याकडे सरकवली.

"ही तुमच्या बाळंतिणीला."

"नको आत्या, सरकारी माल आहे," मी सवयीनं म्हणालो.

"सरकारचं आता काय ऱ्हायलं त्यात? माझ्या लेकीला दोन रग्गड झाल्या. घ्या म्हनते न्हवं!" आणि त्यांनी ती माझ्या खांद्यावर टाकलीच.

थंडीआधी नवी कांबळी आली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारच्या वेळी, शिरूरच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात मी येरझाऱ्या घालत होतो. आत एकदम गडबड झाली, मग क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, आणि मग ते रडणं आलं. बारीक, संतापलेलं, थेट माझ्यावर गेलेलं. मी भिंतीला टेकलो. आमच्या तुकडीत आपल्या पोराचं पहिलं रडणं ऐकणारा मी पहिलाच बाप होतो. सासूबाई दार उघडून मुलगी झाली म्हणाल्या, आणि म्हणाल्या, "अवो, तुमी कशापायी रडताय आता?"