गाडी बंद पडते तेव्हा

आमच्या सर्व्हेच्या फॉर्मवर शेवटी ‘शेरा’ म्हणून दोन ओळींची जागा असायची. खरी मजा त्या दोन ओळींत कधी मावलीच नाही. नव्वदच्या दशकात चार वर्षं मी सातारा-सांगलीत दारोदार फॉर्म भरत हिंडले. फॉर्म केव्हाच पुण्याला गेले, न मावलेलं तेवढं माझ्याकडे राहिलं. जुनी मंडळी भेटलो की चहा येईपर्यंत दोन किस्से होतात, आणि तो गार होईपर्यंत आणखी चार.

आमची टोळी तिघांची. मी, शैला आणि जीपचा ड्रायव्हर हणमंत. पुण्यात बसून आमच्यावर लक्ष ठेवणारे सर. विषय होता बायकांचं आरोग्य. सरांचे नियम तीन : प्रश्न आहे तसा वाचायचा, उत्तर सुचवायचं नाही, आणि बाईला एकटीला विचारायचं. तिच्याजवळ दुसरं कुणी बसलं असेल तर तो फॉर्म बाद. पुण्यातल्या वर्गात पंख्याखाली हे फार सोपं वाटलं होतं.

*

रहिमतपूरला पहिल्याच घरी आजींना वय विचारलं. “आसंल की पन्नास-साठ,” म्हणाल्या. अशा वेळी एखाद्या मोठ्या घटनेचा आधार घ्यायचा, हे सरांनी शिकवलेलं. म्हणून विचारलं, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही केवढ्या होता?

आजींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “बाई, भिंत अंगावर येत हुती. तवा वय बघत बसू, का भाईर पळू?”

मी अंदाजे पंचावन्न लिहिलं.

*

वाईला घाटाजवळ एका गुरुजींच्या घरी गेले. काकू एकट्या होत्या, म्हटलं आज नियम पाळला जाणार. काकूंनी बसायला पाट दिला आणि प्रश्न सुरू केले. माझं गाव, गोत्र, वडिलांची नोकरी, आईचे गुडघे, स्वयंपाक येतो का. तासाभराने मी बाहेर पडले तेव्हा फॉर्म कोरा होता आणि काकूंच्या भाच्याशी माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं. शैलाला अजून वाटतं मी तेव्हा हो म्हणायला हवं होतं. भाचा बँकेत होता म्हणे.

*

माधवनगरच्या गिरणी कामगारांच्या चाळीत ‘एकटी बाई’ हा प्रकारच नव्हता. एकीला विचारलं, दुखणं आलं तर दवाखान्यात जायचं कोण ठरवतं? ती म्हणाली, मालक. शेजारीण म्हणाली, खोटं बोलू नगंस, गेल्या महिन्यात कुणाला न विचारता मिरजेला गेलीस की. मग सगळी चाळ जमली, चर्चा झाली, हात वर करून मतदान झालं, आणि निकाल मला कळवण्यात आला : “ठरवते बाई, पण सांगायचं मालक म्हणून. आता काय लिवायचं ते तुमी बघा.”

फॉर्मवर चौकोन दोनच होते. मी दोन्हींवर खूण केली आणि सरांच्या शिव्या खाल्ल्या.

*

कोरेगावकडच्या एका सुभेदारांनी तर कहर केला. पलटणीतून रिटायर झालेला माणूस, बायकोच्या शेजारी ताठ बसलेला. प्रश्न काकींना, उत्तर सुभेदारांचं. पाळीच्या वेळी काही त्रास होतो का, या प्रश्नालाही त्यांनीच सांगितलं, “नो प्रॉब्लेम!”

तेवढ्यात बाहेर आमची जीप खरोखरच बंद पडली. सुभेदार बाह्या सरसावून धावले. पाच मिनिटांत गल्लीतले यच्चयावत पुरुष बॉनेटमध्ये डोकं घालून उभे. इकडे काकी पाऊण तास बोलल्या. मध्येच रडल्या, मग हसल्या, आणि चहा टाकला.

हणमंत हुशार गडी. दुसऱ्या दिवसापासून नवरा दारात दिसला की गाडी बंद पडायला लागली.

*

पण हणमंत प्रामाणिकही तेवढाच. थांबलेला वेळ लॉगबुकात दाखवायचा असतो, म्हणून तो दर खेपेला इमानदारीत लिहायचा, ‘गाडी बंद’. महिन्याने पुण्याहून सरांचं पत्र आलं. गाडी रोज बंद पडते, ड्रायव्हर हलगर्जी आहे, त्याला काढा.

हणमंत रोजंदारीवर होता, दोन पोरी शाळेत. तो नुसती गाडी पुसत राहिला. मला फार लाज वाटली. आमच्या फॉर्मपायी त्याची भाकरी जायची वेळ आली होती. मी सरांना सगळं खरं कळवलं. उत्तर आलं, ही पद्धत नव्हे, फसवणूक आहे. मी स्वतः येऊन बघतो, मग ड्रायव्हरचं ठरवू. तोवर बॉनेटला हात लावायचा नाही.

*

सर आले. सांगलीकडचं एक गाव, उसाचे बागायतदार, ओसरीवर बायकोला खेटून बसलेले. हणमंत बाहेर जीपमध्ये, दोन्ही हात स्टेअरिंगवर.

सरांनी नम्रपणे एकांत मागितला. “बोला की, मी कुठं काय म्हंतोय,” बागायतदार म्हणाले. सरांनी पाणी मागितलं, त्यांना वाटलं हे तरी उठतील. “अगं ए, पाणी आन,” आणि उठली बायकोच. सर म्हणाले, तुमचा ऊस दाखवता का? बागायतदारांनी बसल्या जागेवरून बोट केलं. “ह्यो काय, हितनंच दिसतोय.”

सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. मी मनात म्हटलं, गेली हणमंतची नोकरी.

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. या गावात आम्ही याआधी कधी पाऊलही टाकलं नव्हतं. त्यांनी सरांकडे पाहिलं, माझ्या फॉर्मकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, “आवं, पावन्यांची गाडी बंद पडलीया न्हवं? बघा की जरा.”

“व्हय का?” म्हणत बागायतदार उठले, जाता जाता भावाला हाक मारली.

हणमंतने काचेतून सरांकडे पाहिलं. सर छताकडे बघत होते. हणमंत उतरला आणि त्याने बॉनेट उघडलं.

वहिनी माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. सर उठून अंगणात गेले, आणि त्यांनीही बॉनेटमध्ये डोकं घातलं.

संध्याकाळी सरांनी लॉगबुक मागून घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं : ‘गाडी बंद. पाऊण तास. ड्रायव्हर बदलू नये.’