भस्माचा वास

औशाच्या पार्वतम्माची बोलती कधी बंद पडली नव्हती. कॅन्सर निघाला तेव्हाही तिनं डॉक्टरलाच दटावलं, "हळू बोला, भाईर आमचे मालक बसलेत. घाबरट हायेत."

लातूरला पहिल्या केमोला जाताना तिनं भस्माची गोळी बरोबर घेतली. उजव्या हाताला सलाईन लागायच्या आत कपाळावर तीन बोटं ओढली, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि औषध संपेपर्यंत बघत बसली. शिवाच्या नजरेखालचं औषध बाधत नाही, असा तिचा भरवसा. घरी येऊन दोन दिवस ओकली. तरी पुढच्या दोन्ही खेपांना तोच नेम.

चौथ्या खेपेला बसमधून दवाखान्याची कमान दिसली आणि पोट ढवळलं.

"बस लागली असंल," तिचे मालक मन्मथअप्पा म्हणाले.

"चाळीस वर्सं बसनंच माहेरी जाते. आजच लागली व्हय?"

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी घरात पूजेला बसली, भस्म उगाळलं आणि वास येताच पाटावरच ओकली. शेजारची भामाबाई गळा काढून म्हणाली, "देव कोपला गं माय!"

"तू गप. देव न्हाई कोपला, तुझं तोंड कोपलंय."

पण पाचव्या खेपेला तिनं नर्स लुंबिनीला कानात विचारलंच, भस्माच्या वासानं असं का होतंय.

"मावशी, वास अन् औषध दर टायमाला संगंच आले. आता वास आला की पोटाला वाटतंय औषध आलं. पहिल्याच खेपेला सांगायचं व्हतं, उलट्या तवाच आवरल्या असत्या. आता डॉक्टर गोळी देतेत, पण ही सवय लौकर जात न्हाई."

"म्हंजी मीच शिकवलं पोटाला?"

लुंबिनीनं सलाईनची गती कमी केली.

गोळीनं झोप तेवढी आली. पार्वतम्मानं भस्म सोडून पाहिलं, नुसत्या पाण्यानं पूजा करून पाहिली. लिंग तळहातावर टेकलं की घशाशी यायचंच. लिंगायतांच्या रीतीनं लहानपणी गळ्यात बांधल्यापासून जे एक दिवसही उतरलं नव्हतं, ते तिनं डबीसकट उतरवलं आणि मन्मथअप्पांपुढे धरलं.

"येडी का काय तू? आपल्यात असं काढतेत व्हय?"

"ठेवा तुमच्याजवळ. मी गेले की मातीत बसवताना द्या हातावर. तवा उलटी होणार न्हाई."

मन्मथअप्पांनी डबी घेतली. त्यांची सून शिवकन्या पूजेचा पाट उचलून आत गेली.