नेर ते कळंब, चार मिनिटं

नव्या तुरीची दाळ झाली, की प्रेमसिंग राठोड पाच किलोची पिशवी घेऊन नेरला एसटीत बसायचा, यवतमाळला गाडी बदलायचा आणि कळंबला उतरायचा. दरवर्षी. "चिंतामणी गणपतीले नारळ अन् वामनरावले दाळ. कोणता नवस फेडून राह्यले, देव जाणे," त्याची बायको रुपीबाई म्हणायची. नवस कसला, खाई त्याला खवखवे.

प्रेमसिंग आणि वामनराव वायुसेनेत एकाच रडार ठाण्यावर होते. प्रेमसिंगनं पडद्यावर नजर ठेवायची. एखादं प्रवासी विमान हाकेला ओ देईनासं झालं, की शेजारी बसलेल्या वामनरावांना सांगायचं, त्यांनी फोन लावायचा आणि मग लढाऊ विमान उडायचं. विमान पळवलेलं असलं तर मिनिटामिनिटाला मोल, म्हणून नियम साफ होता: कुणाला विचारत बसायचं नाही, दिसलं की सांगायचं.

बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी दहा वाजून अकरा मिनिटांनी एक विमान मुकं झालं. प्रेमसिंगला ते लगेच कळलं. पण गडी तांड्यातला, त्यातून कारभाऱ्याचा मुलगा. नायक तांड्याचा प्रमुख, कारभारी त्याच्या हाताखालचा; नायकाच्या आधी तोंड उघडणं म्हणजे बेअदबी, हे तो आईच्या दुधासोबत प्यालेला. इथला नायक म्हणजे साहेब, आणि साहेब पलीकडच्या खोलीत चहा घेत होते. येतीलच आता, म्हणून हा शहाणा थांबला. साहेब काही आले नाहीत. शेवटी सव्वादहाला त्यानं वामनरावांना सांगितलं. त्या चार मिनिटांत विमान नेरहून कळंबला पोचलं असतं.

सुदैवानं ते कुणी पळवलं नव्हतं. नुसता रेडिओ बिघडला होता. विमान सुखरूप उतरलं, पण लढाऊ विमान उशिरा का उडालं याची चौकशी लागली. घाबरलेल्या प्रेमसिंगनं तोवर वहीत लिहून टाकलं होतं, 'वामन यांना सांगितले, १०.११.' वामनराव म्हणाले, ऐकल्या ऐकल्या मी फोन लावला. मग स्वतःच चाचरले. पहिल्यांदा लाइन लागली नव्हती, त्यात किती वेळ गेला कोण जाणे. त्यांची बढती गेली. प्रेमसिंग तोंडात मिठाची गुळणी धरून बसला, आणि पेन्शन सुरू झाली तरी ती गुळणी काही त्यानं थुंकली नाही.

यंदा तो गेला तेव्हा वामनरावांची बायको, पद्मजावहिनी, खाटेवर होत्या, अर्ध्या झालेल्या.

"मागच्या महिन्यात छातीत कळ आली माझ्या," त्या म्हणाल्या. "हे आपले फोन हातात घेऊन उभे. शेवटी शेजारच्या उज्ज्वलाला बोलवायला धावले, रुग्णवाहिकेला फोन लावून दे म्हणून."

वामनराव ओशाळं हसले. "माझ्या हातानं उशीर होतो ना. प्रेमसिंगला विचार, त्यानं पाहिलं आहे."

प्रेमसिंगनं हातातली बशी खाली ठेवली. आजवर त्याला वाटायचं, आपण या माणसाची बढती खाल्ली. त्याचा स्वतःच्या हातावरचा भरवसाही आपणच खाल्ला, हे त्याला आज कळलं. वहिनी त्या दिवशी गेल्या असत्या तर? लाजेनं त्याला मान वर करवेना.

"तुमच्या हातानं उशीर नाही झाला, वामनराव," तो म्हणाला. "मी सव्वादहाले सांगतलं तुमाले. साहेबाची वाट पाह्यत बसलो चार मिनिटं. अन् वहीत खोटं लेहलं."

वहिनींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. वामनरावांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"स्वानंद लहान होता तेव्हापासून सांगत आलो मी त्याला," ते म्हणाले, "की तुझा बाप मंद आहे."

"मले माफ करा."

वामनराव उठले, कोनाड्यातला फोन घेतला आणि पुण्याच्या मुलाचा नंबर स्वतः लावला. एका घंटीत लागला.

"स्वानंद, प्रेमसिंगकाका आहेत. त्यांना तुला काही सांगायचं आहे."

फोन त्यांनी प्रेमसिंगच्या हातात दिला.

"बोल," ते म्हणाले. "आता थांबू नको."