वाणातला हेडफोन

गावडेसरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खुर्चीत बसून चहा पीत होते आणि त्यांच्या पाठीवर आंब्यावर औषध मारायचा पंप होता. अंधेरी पूर्वेला मेट्रोच्या खांबांना लागून एक जुनी इमारत आहे, तिच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस. मी नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. वाटलं, चुकीच्या दारात शिरलो आपण. "बस गो," ते म्हणाले. "ह्यो पंप सकाळपासून पाठीर आसा. डावो पट्टो काचता. अर्जात लिवलेला आसा, काचना नाय." मुलाखत संपेपर्यंत पंप काही उतरला नाही.

ते पेटंट एजंट होते. कुणी नवी वस्तू शोधली की ती खरोखर नवी आहे हे सरकारी परीक्षकाला पटवून द्यायचं, त्याच्या शंकांना उत्तरं द्यायची, आणि त्या वस्तूत नेमकं आपलं काय याची हद्द शब्दांत आखायची, हे आमचं काम. त्या हद्दीला आम्ही क्लेम म्हणतो. बाकीचे एजंट आकृत्या आणि कागद बघून क्लेम लिहितात. सर आधी वस्तू अंगावर चढवायचे. "आधी आंगाक लाव, मगे कागदार," हे वाक्य मी दिवसातून चारदा ऐकायचे. कंबरेचा पट्टा, गुडघ्याची टोपी, एकदा तर बाळंतिणीची उशी! बोरिवलीच्या घरी ती पोटाशी बांधून ते भाजी आणायला गेले होते, असं त्यांची बायकोच मला सांगायची आणि कपाळावर हात मारायची.

त्यांची आणखी एक गंमत होती. वडील गिरणीत, गाव कुडाळकडचं, त्यामुळे मालवणी त्यांची मायबोली. खुशीत असले की मालवणी. सर शुद्ध मराठीत बोलायला लागले की समजायचं, आपली वाट लागली. आवाज मात्र कधी चढला नाही. मी उलट, आवाज चढवल्याशिवाय मला स्वतःचंच म्हणणं पटत नाही.

सुनंदा खरात आमच्याकडे आल्या त्या एका प्लास्टिकच्या डब्यात हेडफोन घेऊन. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचे सुटे भाग ओतणारा एक गाळा होता, तिथे त्या सुपरवायझर. हाताखाली चाळीस बायका. कामावर डोक्याला टोपी सक्तीची, त्यामुळे डोक्यावरून पट्टी जाणारा हेडफोन चालत नाही. मागून पट्टी जाणारा घेतला तर ती अंबाड्यावर आपटते. सुनंदाताईंनी पट्टी अंबाड्याखालून, मानेच्या खळीजवळून नेली आणि कानावर अडकणारे आकडे केले. आकडा मुळाशी फिरतो, ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे बसतो. सगळा भार कानाच्या मुळावर, पट्टी नुसती सैल लोंबते. शाळा आठवीपर्यंत, पण हातात साचा बोलायचा बाईंच्या. कल्पना त्यांचीच, असं मालकानेही लिहून दिलं होतं.

मालक गाळा वसईला हलवणार होता. चाळीसातल्या निम्म्या बायकांना तिकडे जाणं जमणार नव्हतं. हेडफोन बनवणाऱ्या एका कंपनीने सांगितलं होतं, पेटंट मिळालं तर हा गाळा तुम्हीच चालवा, माल आम्ही घेतो. "आणि नाही मिळालं तर?" सुनंदाताईंनी विचारलं, तर त्यांचा माणूस हसून म्हणाला, "मग आम्हाला तुमची गरज काय?" हे सांगून बाईंनी चहाचा कप तसाच बाजूला सारला.

परीक्षकाचा अहवाल आला तो वाईट. त्यांनी परदेशातली दोन जुनी पेटंटं काढली होती. एकात डोक्यामागून पट्टी, दुसऱ्यात कानाला आकडा. दोन्ही जोडली की तुमचा हेडफोन झाला, यात नवीन काय? आम्ही लेखी उत्तर दिलं, ते त्यांना पटलं नाही. गुरुवारी अकरा वाजता व्हिडिओवर सुनावणी लागली. तिथे अर्ज पडला असता तर सगळंच संपलं असतं.

सोमवारी सुनंदाताई आल्या, तोंडभर हसत. "सर, पुरावा मिळाला! बायकांना माझा हेडफोन किती आवडला, बघा." फोनवर व्हिडिओ होता. गाळ्यातलं संक्रांतीचं हळदीकुंकू. काळ्या साड्या, तिळगूळ, आणि सुनंदाताई एकेकीला ओटीत वाण देतायत. वाण म्हणून हेडफोन! दुसऱ्या बायका प्लास्टिकचे डबे वाटतात, चाळण्या वाटतात. बाईंनी स्वतःच्या साच्यातून काढलेले चाळीस हेडफोन वाटले होते, आतला माल बाजारातून आणून. कुणीतरी तो व्हिडिओ तेव्हाच सगळ्यांना बघता येईल असा टाकूनही दिला होता. ते हळदीकुंकू आमच्या अर्जाच्या दहा महिने आधीचं होतं.

अर्ज भरण्याआधी वस्तू लोकांच्या हाती गेली की ती कायद्याने नवी राहत नाही. चाचणीसाठी दिली असेल तर थोडी सूट असते. पण वाण म्हणजे काही चाचणी नव्हे. मी सुनंदाताईंना समजावलं तेव्हा त्यांनी फोन पालथा ठेवला. "म्हणजे मी माझ्याच हाताने..." सर उठले, त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाले, "बाय, वाण दिलात. पाप नाय केलात."

त्या गेल्यावर मी दार लावलं. "सर, परीक्षकांना हे सापडलेलं नाही. चार दिवसांत सापडणारही नाही. व्हिडिओ टाकणाऱ्या बाईला सांगू, काढून टाक. आपण गप्प बसूया ना!"

"लपयलेला किती दिस लपतला गो?"

"लपेल की! कोण बघतंय हळदीकुंकवाचे व्हिडिओ? चाळीस बायकांच्या पोटावर पाय येतोय इथे, आणि तुम्हाला हरिश्चंद्र व्हायचंय? परीक्षकाने विचारलं तर सांगू. न विचारता कशाला सांगायचं?" मी बरंच बोलले. टेबलावर हातही आपटला.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग अगदी स्वच्छ, पुस्तकी मराठीत म्हणाले, "अस्मिता, तुम्ही आता घरी जा. उद्या सकाळी या. आज मिळालेलं पेटंट उद्या कुणी उपटून काढलं, तर खरातबाई गाळाही घालवतील आणि अब्रूही. याचा विचार करून या." मला 'तुम्ही' म्हणाले. घाटकोपरपर्यंत मी रिक्षात रडत गेले, आणि रागाने रडत होते, हेही सांगून टाकते.

मंगळवारी गेले तर सर व्हिडिओ थांबवून थांबवून बघत होते. "इकडे ये. ह्यो आकडो फिरता काय?" मी निरखून पाहिलं. व्हिडिओतला आकडा पट्टीला घट्ट जोडलेला वाटत होता. सुनंदाताईंना फोन लावला. "नाही फिरत," त्या म्हणाल्या. "ते पहिले होते ना. पट्टी ताठ होती, मागून दाबायची. बायका आठवड्याभरात बोंबलायला लागल्या, बाई, कान दुखतात. म्हणून मग मी आकडा फिरता केला, पट्टी सैल सोडली." सरांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "वाणातलो एक हेडफोन माका होयो. फोटो नको. वस्तू होयी."

वस्तू कुठून आणायची? बहुतेकींचे मोडले होते, हरवले होते. बुधवारी दुपारी कळलं की एका बाईकडे आहे, पण ती आता माहुलला राहते. रिक्षाने निघालो. रिफायनरीचा वास नाकात भरेपर्यंत सर छातीवर हात ठेवून बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, "रस्तो खराब आसा." सातव्या मजल्यावर त्या बाईने दार उघडलं आणि आम्हाला बघून लाजली, कारण हेडफोन तिच्या दारातच होता. पडदा आवळून बांधायला! "वायर तुटली होती," ती म्हणाली, "पण बाईंनी दिलेलं वाण टाकवेना." सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. पडदा मोकळा सुटला, तर हे खाली उतरून दुकानातून दोरी घेऊन परत सात मजले लिफ्टने वर. माझा जीव घड्याळात, आणि हे पडदा बांधतायत.

संध्याकाळी पत्र तयार झालं. हळदीकुंकू कधी झालं, किती नग दिले, व्हिडिओ कुठे आहे, सगळं. सोबत आमचा पहिला, मोठा क्लेम आम्हीच मागे घेतला होता. राहिला फक्त फिरता आकडा आणि सैल पट्टी. त्याच वर्षी मी एजंटची परीक्षा पास झाले होते. सरांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं. "सही तू कर."

"मी का? मला हे पटलेलंच नाही."

"मी रवान, नाय रवान. तू रवतलंस." ते राहोत न राहोत, मी राहणार होते म्हणे. मी सही केली. रागानेच केली.

गुरुवारी साडेआठला त्यांनी मला अंबाडा बांधायला लावला आणि वाणातला हेडफोन घालायला लावला. सुनंदाताईंना नवा. अकरापर्यंत माझ्या कानांच्या मागे आग पडली होती. पडद्यावर परीक्षकसाहेब आले. पत्र वाचत होते, मान वर करत नव्हते. सुनंदाताई पदराचं टोक पिळत होत्या.

"हे आमच्या शोधात नव्हतं," ते शेवटी म्हणाले.

"नव्हतं साहेब. म्हणून तर सांगितलं," सर म्हणाले.

"तुमचा मुख्य क्लेम गेला. आता उरलं काय? जुनी दोन पेटंटं जोडली की झालं की!"

"अस्मिता, पाठ कर," सर म्हणाले. मी कॅमेऱ्याकडे पाठ केली. सरांनी माझ्या कानांवरून हेडफोन हळूच काढला. "साहेब, मागून ताठ पट्टी आणि कानाला आकडा. तुम्ही म्हणता ते दोन जोडले की जे होतं, ते हेच. बाईंनी आधी तेच केलं होतं. चाळीस जणींनी वापरलं आणि चाळीस जणी दुखतं म्हणाल्या. या मुलीने अडीच तास घातलंय, कान बघा." मग सुनंदाताई वळल्या. त्यांनी नवा काढला. कानामागे काही नव्हतं, फक्त घामाने चिकटलेले दोन केस.

मला पाठमोरं उभं राहून काहीच दिसत नव्हतं. मग साहेब म्हणाले, "त्या बायकांची प्रतिज्ञापत्रं देऊ शकाल?" सुनंदाताई माझ्याआधी ओरडल्या, "चाळीसच्या चाळीस देते साहेब!"

पेटंट मिळालं. मागितलं होतं त्याहून लहान, पण मिळालं. कंपनीने कुरकुर केली आणि करार केला. गाळा मरोळलाच राहिला. सुनंदाताई पेढे घेऊन आल्या तेव्हा सरांनी अर्धा पेढा खाल्ला आणि म्हणाले, "बरा झाला. आता वाट बघूची."

"कसली?"

"व्हिडिओ बघणाऱ्याची."

मी हसले. तीन महिन्यांनी सर गेले. सकाळी, बोरिवलीच्या घरी, खुर्चीत बसल्या बसल्या. रस्ता खराब नव्हता त्या दिवशी माहुलचा, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या कंबरेला कुणा अशिलाचा पट्टा होता. बायकोने तो सोडून माझ्याकडे पाठवला, आणि त्या पट्ट्याचा क्लेम मी त्या आठवड्यात लिहिला, आधी तो स्वतः बांधून.

पेटंट मिळाल्यावर वर्षभर कुणीही त्याला विरोध करू शकतो. ते वर्ष संपायला थोडे दिवस उरले असताना विरोधाची नोटीस आली. दुसऱ्या एका कंपनीची. मोठे वकील, जाडजूड फाइल. मी पहिलं पान उलटलं आणि पुरावा क्रमांक एक समोर आला. काळ्या साड्या, तिळगूळ, ओटी. त्यांनी तो व्हिडिओ शोधून काढला होता. खाली लिहिलं होतं, अर्जदाराने ही गोष्ट जाणूनबुजून लपवली.

सुनावणीत मी काही मोठं बोलले नाही. आमच्याच फाइलमधलं ते पत्र काढून दिलं. तारीख, नगांची संख्या, व्हिडिओचा पत्ता, सगळं त्यात होतं, आणि व्हिडिओतला घट्ट आकडा आम्ही क्लेममधून आपणहून सोडल्याचंही. समोरच्या वकिलांनी ते दोनदा वाचलं. अधिकाऱ्यांनी विरोध फेटाळला, आणि उठता उठता माझ्याकडे बघून म्हणाले, "कुणी न विचारता तुम्ही हे सांगितलंत, मॅडम. असं फार कमी जण करतात."

पत्राखाली सही माझी होती. मी तोंड उघडलं, सांगणार होते की साहेब, मी टेबलावर हात आपटून नको म्हटलं होतं. पण शेजारी सुनंदाताई दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होत्या. मी नुसते हात जोडले.