एकाच देवीच्या दोन होड्या

त्या दिवशी मच्छीमार सोसायटीत नोंद चुकली नव्हती. प्रोग्राम चुकला होता आणि तो मी लिहिला होता. इतकी वर्षे हे मी कोणाला सांगितले नाही.

कोकणात रेल्वे येऊन सात-आठ वर्षे झाली होती. मुंबईतली संगणकावरची नोकरी संपवून मी मालवणजवळच्या माझ्या गावी परतलो होतो. सकाळी किती होड्या गेल्या आणि किती परत आल्या याची वही सोसायटीत असे. ती मी संगणकावर आणून दिली. नोंदी करणारी बाई माझ्या मुलीच्या वयाची. गडबडीत तिच्याकडून एकच होडी दोनदा लिहिली जाई. मग ती परत आली तरी यादीत एक बाहेरच दिसे आणि उगाच धावपळ होई.

त्यावर मी युक्ती काढली. प्रोग्रामात ‘होडी’ नावाचा एक वर्ग होता, म्हणजे साचाच. वर्गाला ‘न्यू’ म्हटले की त्यातून नवी होडी निघते. ही ‘न्यू’ प्रोग्रामच्या भाषेनेच दिलेली असते, तिला सहसा कोणी हात लावत नाही. मी ती झाकून तिच्या जागी माझी ‘न्यू’ लिहिली. आधी यादी बघायची. त्याच नावाची, त्याच आडनावाच्या मालकाची होडी असली तर नवी करायचीच नाही, जुनीच पुढे करायची. मागणाऱ्याला फरक कळत नाही. पडद्यावर ‘नोंद झाली’ असेच येते. त्या चार ओळींचा मला फार अभिमान होता.

गावात जन्मलेल्या माणसाला हे सुचायला नको होते. त्याच वर्षी दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. चूल वेगळी, जाळी वेगळी. धाकट्याने नवी होडी घेतली आणि तिला थोरल्याच्या होडीचेच, घरच्या देवीचे नाव दिले. घर वाटता येते, देवी कशी वाटणार? आणि धक्क्यावर होडीचा नंबर कोणी सांगत नाही, नावच सांगतात.

दुपारी वारा फिरला. पाणी काळे पडले. सोसायटीत सगळे पडद्याभोवती जमले. यादीत एकही होडी बाहेर दिसत नव्हती. लोक हसत चहाला गेले. तासाभराने धाकट्याची बायको आली.

“काकानू, आमची होडी खंय आसा?”

माझ्याआधी नोंदवाली बाई बोलली, “इली मगे. दोन वाजता इली, हयसर लिवलेला आसा.”

“ती थोरल्याची. आमची नाय इली.” तिने पडद्याकडे पाहिले. “देवीक दोन लेकरां वेगळी दिसतत, तुमच्या पेटयेक दिसनत नाय?”

सकाळी बाईने दोन्ही होड्या लिहिल्या होत्या. दुसऱ्या वेळी माझ्या ‘न्यू’ने पहिलीच होडी पुढे केली होती. धाकटा यादीत कधी जन्मलाच नव्हता.

“एक होडी बाहेर आहे,” एवढेच मी म्हणालो. माणसे धक्क्याकडे धावली. मी धावलो नाही. रिकाम्या खोलीत बसून मी त्या चार ओळी पुसल्या. दोनदा चुकीची ओळ पुसली. बाहेर कोणाचे पाऊल वाजले की मी पडद्यापुढे सरकून बसे. धाकटा बुडाला असेल ही भीती होतीच; पण कोणी येऊन पडद्यावर वाकेल ही भीतीही तेवढीच होती. हे लिहिताना आजही लाज वाटते.

शोधायला गेलेली होडी लाटांपुढे टिकली नाही, परत आली. धाकट्याची बायको पायरीवर बसून राहिली, रडली नाही. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. दिवेलागणीला देवगडहून फोन आला. इंजिन बंद पडून होडी वाहत गेली होती. तिथल्या लोकांनी ओढून आणली. माणूस जिवंत होता.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत विचारणा झाली. मी म्हणालो, “एक नोंद राहून गेली असावी.”

बाई म्हणाली, “मी दोन्ही लिहिल्या होत्या.” मग तिने माझ्याकडे पाहिले. तिचे काम गेले. गावात पुढे कित्येक वर्षे तिला ‘होडी विसरलेली’ म्हणत.

तिने दोन्ही होड्या लिहिल्या होत्या. दुसरी मी, माझ्या चार ओळींनी, पुसली.