एक इंच रंग

पेढा तोंडात टाकला आणि शिंदे ड्रायव्हरला सहज म्हणालो, "काय झकास रंगवलीस रे गाडी."

शिंद्याची कळी खुलली. "धा दिस पेंटरच्या मागं लागून करून घेतलीया सायेब. एक इंच बी कुठं सोडला न्हाई."

मी हसलो. पेढा चांगला होता. दुसरा उचलायला हात पुढे केला आणि तो बॉक्सवरच राहिला. एक इंचही सोडला नाही म्हणजे तो एक इंचसुद्धा? मी तासाभरापूर्वीच तर ती गाडी तपासली होती. डोळ्यांसमोर टँकरची मागची बाजू आणून बघितली. सोडला नव्हता.

हा एक इंच कुठला, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी साळवी. शिवडीला बंदराच्या अंगाला असलेल्या एका केमिकल टर्मिनलमध्ये सेफ्टी ऑफिसर होतो. जहाजातून आलेली केमिकल्स मोठ्या टाक्यांत साठवायची आणि तिथून टँकरमध्ये भरून पाठवायची, हा तिथला धंदा. टँकरला माल भरायला सोडण्याआधी त्याची तपासणी करणं माझ्याकडे होतं. टायर, ब्रेक, आग विझवायचे सिलिंडर, सायलेन्सरमधून ठिणगी बाहेर पडू नये म्हणून बसवलेली जाळी, ड्रायव्हरकडे धोकादायक माल नेण्याच्या ट्रेनिंगचा कागद, असं बरंच काही. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत बरेच जण मला टँकरवाल्यांचा हवालदार समजायचे. मीही कधी कोणाला दुरुस्त केलं नाही, कारण कामाचा निम्मा भाग तसाच होता.

दोनेक आठवड्यांपूर्वी मी शिंद्याची गाडी गेटवरून परत पाठवली होती. धोकादायक मालाच्या टँकरवर एक मोठा चौकोन रंगवलेला असतो. आत कुठलं केमिकल आहे, त्याचा नंबर काय, अपघात झाला तर फोन कुणाला करायचा, हे त्यात लिहितात. रस्त्यात गाडी उलटली तर अग्निशमनवाले लांबून आधी तोच वाचतात. शिंद्याच्या गाडीवरचा चौकोन इतका पुसट झाला होता की तो वाचायला जवळ जावं लागलं असतं, आणि उलटलेल्या टँकरच्या जवळ जाणं हे शहाण्याचं काम नाही.

"सायेब, बारा वर्सं हीच गाडी येतीया," शिंदे म्हणाला होता.

"म्हणूनच पुसलंय सगळं. जा, रंग मारून आण. नुसती अक्षरं गिरवून आणू नकोस, नीट पूर्ण रंग मार."

हे शेवटचं वाक्य माझं आहे. पुढे ते मला फार जड गेलं.

शिंदे साताऱ्याकडचा, गाडी त्याच्या स्वतःच्या मालकीची. माझं बोलणं त्याने मनाला लावून घेतलं. दसरा जवळ आला होताच. वडाळ्याला ट्रक उभे राहतात तिथे अन्वर नावाचा पेंटर बसतो, त्याच्याकडे त्याने गाडी दिली. खंडेनवमीच्या सकाळी ती गेटवर आली तेव्हा वॉचमनसुद्धा खुर्चीवरून उठून बघायला आला. टाकी पांढरीशुभ्र, चॅसिस लालभडक, मडगार्डवर दोन मोर. चौकोनातली अक्षरं रस्त्यापलीकडून वाचता येत होती. पुढे झेंडूचा हार, बॉनेटवर हळदीकुंकू. पूजा करूनच निघाला होता.

मी मोठ्या ऐटीत तपासणी केली. डॅशबोर्डवर उदबत्तीचं घर आणि काडेपेटी सापडली, ती काढून घेतली. "देव मला समजून घेईल, केमिकल घेणार नाही," असा माझा नेहमीचा टोमणाही मारला. शिंदे हसला. चेकलिस्टवर एकेक रकाना टिक करत गेलो. चौदावा रकाना होता: अर्थिंग पॉइंट आहे का? होय किंवा नाही. मागच्या बाजूला वाकून बघितलं. पॉइंट होता. कुंकवासारखा लाल, चकचकीत. होय वर टिक केली आणि खाली सही.

अर्थिंग पॉइंट म्हणजे टँकरच्या चॅसिसला वेल्ड केलेली एक इंचभराची धातूची पट्टी. तिला तांब्याच्या केबलची क्लिप लावतात आणि केबलचं दुसरं टोक जमिनीत गाडलेलं असतं. टेरिलीनचा शर्ट झटकन काढला की चटचट आवाज होतो आणि अंगावरचे केस उभे राहतात, तशीच वीज पाइपातून केमिकल वाहताना तयार होते. टँकर उभा रबरी टायरवर, म्हणजे ती वीज लवकर उतरायला वाट नाही. त्या दिवशी टोल्यूइन भरायचं होतं. रंगाच्या आणि शाईच्या कारखान्यांत लागतं, दिसायला पाण्यासारखं, पण त्याची वाफ पेटायला एक बारीक ठिणगी पुरते. ती ठिणगी पडू नये म्हणून केबल. आणि केबलने काम करावं म्हणून ती एक इंच पट्टी उघडी लागते, कोरा धातू. ऑइल पेंटवर क्लिप लावणं आणि लाकडावर लावणं, यात काही फरक नाही.

मी बॉक्स तसाच टेबलावर टाकला आणि बाहेर पडलो. टर्मिनलमध्ये धावायला बंदी आहे. तो बोर्ड मीच लिहून घेतला होता. ऑफिसपासून टँकर भरायच्या जागेपर्यंत, म्हणजे तीन नंबरच्या बेपर्यंत, मी जे केलं त्याला चालणं म्हणता येणार नाही.

टँकर खाली उभा राहतो आणि वरच्या लोखंडी मचाणावरून त्याच्यात माल सोडतात. या मचाणाला गॅन्ट्री म्हणतात. गॅन्ट्रीवर परब होता. मालवणकडचा, राहायला लालबागला, आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर ऑपरेटर. टँकरच्या उघड्या झाकणाशी उभा राहून तो आत उतरवलेल्या पाइपाकडे बघत होता. पंप सुरू होऊन चार-पाच मिनिटं झाली असतील. मी खांबावरचं लाल बटण दाबलं. पंप थांबला.

"काय झाला साहेब?" परब वरून ओरडला.

मी दिव्याकडे बघितलं. अर्थिंग नीट लागलं असेल तर हिरवा दिवा लागतो आणि मगच पंप सुरू होतो. दिवा हिरवा होता. क्षणभर वाटलं, आपण उगाच धावलो. मग केबलचा माग काढत नजर वर नेली. क्लिप टँकरला नव्हतीच. ती गॅन्ट्रीच्या रेलिंगला अडकवलेली होती. रेलिंग जमिनीत पक्कं रोवलेलं, त्यामुळे दिव्याला वाटत होतं सगळं ठीक आहे. टँकर मात्र मोकळा होता, टोल्यूइन पोटात घेऊन.

परबला माझी नजर कुठे आहे ते कळलं. त्याचा चेहरा उतरला. कुठल्याही माणसाने केलं असतं तेच तो करायला गेला. चूक पटकन सुधारायला तो क्लिपकडे झेपावला.

"हात लावू नकोस!"

मी आयुष्यात बायकोमुलांवर कधी असा ओरडलो नाही. भरलेल्या विजेला अचानक वाट दिली की ठिणगी नेमकी तिथेच पडते. क्लिप काढून टँकरला टेकवायची तीच वेळ सगळ्यात वाईट, आणि वर झाकण उघडं.

"परब, माझं ऐक. क्लिप, पाइप, झाकण, कशालाच हात लावायचा नाही. मागे हो. जिन्याने हळू खाली ये."

तो आला. अकरा पायऱ्या आहेत त्या जिन्याला. त्याची मुलगी त्या वर्षी बारावीला होती हे मला तेव्हाच का आठवलं, सांगता येत नाही. तो खाली पोहोचेपर्यंत मी एकेक पायरी मोजत होतो. मी भ्यालो होतो, सरळ सांगतो.

मग अर्धा तास कोणीही काहीही करायचं नव्हतं. होजपाइप तयार ठेवून, बे रिकामा करून, लांब उभं राहायचं. साठलेली वीज हळूहळू आपोआप उतरते, तिला वेळ द्यावा लागतो. त्या अर्ध्या तासात परबने मला सांगितलं.

"पयली क्लिप टँकराकच लायलंय साहेब. लाल लाइट इलो. ह्यो लाइट नेहमीच नाटकां करता. म्हणान रेलिंगाक लायलंय. सगळेच लायतत."

सगळेच. क्लिपचे दात झिजले होते, पावसाळ्यात दिवा उगाच लाल व्हायचा, मेन्टेनन्सला कळवून महिने झाले होते आणि लोकांनी आपली सोय करून घेतली होती. रेलिंगवर त्या जागी रंग उडून लोखंड चकाकत होतं. मी रोज तिथून जायचो. ती चकाकी मी किती वेळा बघितली होती आणि ती कशाने आली हे एकदाही विचारलं नव्हतं. जिथे रंग हवा तिथे तो उडाला होता आणि जिथे नको तिथे अन्वरने दोन हात दिले होते.

तेवढ्यात टर्मिनल मॅनेजर देसाई साहेब आले. माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक प्रकरणात एकच नाव हवं असायचं.

"रेलिंगला क्लिप कोणी लावली?"

"परबने."

"मग झालं. रिपोर्टमध्ये तेवढंच येऊ दे. उद्यापासून त्याला बोलावू नका."

परब दहा हातांवर उभा होता. त्याने ऐकलं आणि बुटांकडे बघत राहिला. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला घरी बसवायला एक फोन पुरतो.

"साहेब, अर्थिंग पॉइंटवर रंग होता. म्हणून दिवा लाल झाला. दिवा बरोबर सांगत होता. त्या गाडीवर सही माझी आहे."

"तुमच्या चेकलिस्टमध्ये काय विचारलंय? पॉइंट आहे का. पॉइंट आहे. तुम्ही होय लिहिलंत. यात तुमचं काय चुकलं?"

खरं सांगायचं तर मोह झाला. नियमाने मी सुटत होतो. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलं होतं आणि तोपर्यंत माझ्या फाइलला एकही डाग नव्हता. अडचण एवढीच होती की ती चेकलिस्ट मीच तयार केली होती.

"पॉइंट आहे का, हा प्रश्नच चुकीचा होता साहेब. तो मी लिहिला. रंग मार असंही शिंद्याला मीच सांगितलं. परबला काढायचं तर त्याच्याआधी माझं नाव लिहावं लागेल."

"साळवी, दसऱ्याच्या तोंडावर स्वतःहून मेमो मागून घेताय तुम्ही."

"सोनं म्हणून द्या," मी म्हणालो. त्यांना हसू आलं नाही. मलाही आलं नव्हतं.

अर्धा तास झाल्यावर पाइप वर घेऊन झाकण लावून घेतलं आणि मी पितळेची पटाशी मागवली. पितळेने ठिणगी पडत नाही, म्हणून आमच्याकडे असली हत्यारं पितळेची असतात. शिंदे पुढे आला. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"सायेब, आजच पूजा झालीया तिची. दुसऱ्या कुनाला हात लावू देऊ नका. मीच करतो."

त्याने चॅसिसला हात लावून नमस्कार केला आणि खरवडायला बसला. लाल साल निघत गेली. खाली तोच जुना, करडा एक इंच. क्लिप लावली. पहिल्याच वेळी दिवा हिरवा झाला. बिचाऱ्या दिव्याला आम्ही वर्षभर नाटकी म्हणत होतो.

रिपोर्टमध्ये मी तीन गोष्टी लिहिल्या. पहिली, तपासणीतली चूक, माझी. दुसरी, दुरुस्त न केलेली क्लिप. तिसरी, रेलिंगला क्लिप लावायची पडलेली सवय, सगळ्या शिफ्टची. परबचं नाव तिसऱ्या मुद्द्यात इतर सहा जणांबरोबर आलं. सगळ्या सात जणांना काढणं कोणालाच परवडणारं नव्हतं. त्यांना पुन्हा ट्रेनिंग मिळालं, क्लिप नवी आली, रेलिंगला रंग लागला. मला मेमो मिळाला. चौदावा रकाना बदलला: अर्थिंग पॉइंट नखाने खरवडून बघितला का?

पुढच्या खंडेनवमीला शिंदे पुन्हा गाडी रंगवून आला. माझ्या नोकरीतला तो शेवटचा दसरा. या वेळी पेढे देण्याआधी तो मला हाताला धरून गाडीच्या मागे घेऊन गेला. सगळा चॅसिस लाल, आणि मधे तो एक इंच कोरा, करडा. भोवती अन्वरने कमळाच्या पाकळ्या काढल्या होत्या आणि खाली सुबक अक्षरांत लिहिलं होतं: येथे रंग लावू नये. साळवी साहेब.

परबही गॅन्ट्रीवरून उतरून बघायला आला. चाळीस वर्षांच्या नोकरीत माझं नाव कुठे रंगवून लागलं असेल तर ते तिथेच. मला खूप बरं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते केमिकलमुळे नव्हतं.

"आता तरी टिक करा सायेब," शिंदे म्हणाला.

मी पेन उघडलं. मग चौदावा रकाना पुन्हा वाचला, वाकलो आणि त्या कोऱ्या जागेवर नख ओढलं.

नख घसरलं. गंज चढू नये म्हणून अन्वरने वरून बिनरंगी वॉर्निश मारलं होतं.

परब पितळेची पटाशी आणायला गेला.